काळी दोन

मी पियानो जुळवणारा. बाप पोलंडचा, गाव बफेलो,
हत्यारांची पिशवी अजून बापाचीच.
अर्डेला प्रुइटबद्दल विचारू नका, असं मी
दोघा-तिघांना दारातूनच सांगितलं.
तुम्ही बुटांवरचा बर्फ झटकून आत आलात,
म्हणून बसा.

तिचा बाप धान्याच्या कोठारात फावडं मारायचा.
सरोवरातून जहाजं यायची, गव्हानं भरलेली,
आणि तो घरी यायचा तेव्हा त्याच्या काळ्या चेहऱ्यावर
भुवया तेवढ्या म्हाताऱ्या.
पोरगी तोवर चर्चच्या तळघरात.
तिथे एक उभा पियानो, पाइप फुटून कधीतरी भिजलेला.
मधल्या सप्तकातली काळी दोन मुकी.
दाबली की नुसतं लाकूड बोलायचं:
टक्.

तिनं काय करावं? तक्रार नाही केली.
खड्डा चुकवून सायकल न्यावी तशी चाल नेली.
त्या जागेपाशी आलं की सूर उडी घ्यायचा,
पलीकडे पडायचा, कधी जरासा लंगडत.
नऊ वर्षांची होती.

सतराव्या वर्षी पहिलं गाणं विकलं, पंचवीस डॉलर.
आईला कोट आला, त्याला बटणं नंतर आली.
तबकडीवर बारीक अक्षरांत: ए. प्रुइट.
लोकांना वाटलं, असेल कुणी बुवा.
मग न्यूयॉर्क, सहा वर्षं. स्टॉकहोमला एक हिवाळा,
तिथे म्हणे टाळ्या उशिरा सुरू होतात
आणि थांबायचं विसरतात.
मला कार्ड आलं होतं तिथून:
इथले पियानो इतके धड आहेत, कॅझिमिर,
की बोटांना पाहुण्याकडे जेवल्यासारखं होतं.

धड पियानोवरही ती उडी मारायचीच.

एका प्राध्यापकानं त्यावर लेख लिहिला, चौदा पानी.
ती झेप म्हणजे पिढ्यांचं मौन, म्हणजे तुटलेली वाट,
म्हणजे आणखी काय काय.
ती मला वाचून दाखवायची, हसता हसता ठसका लागायचा.
"त्याला कळवू नकोस हं. किती राबलाय बिचारा."
मग चष्मा पुसत, वेगळ्याच आवाजात:
"आणि चुकलाय तरी कुठे?"

आई अंथरुणाला खिळली तेव्हा परत आली.
दिवसा टेलिफोनची खटपट, हा जोडा, तो तोडा.
रात्री हॉटेलच्या जेवणघरात पियानो,
ऐकणाऱ्यांच्या हातात सुऱ्या.
बिलाच्या पाठीवर गाणी लिहायची.
चर्चनं तळघर विकलं तेव्हा
तो भिजका पियानो तिनं घरी आणवला,
चार माणसं, एक दोर, जिन्यात तासभर शिव्या.

आता माझा गुन्हा सांगतो.
एकाहत्तरचा जानेवारी. ती दवाखान्यात आईपाशी,
किल्ली माझ्याकडे. मी ती पट्टी दुरुस्त केली.
नवा नमदा, नवी तार, दोन संध्याकाळी.
वाटलं, खूश होईल.

ती आली. कोट न काढताच बसली.
चाल त्या जागेपाशी गेली, हात उडाला,
हवेतच थांबला.
मागे आला. एक बोट खाली.
वाजली.

"कुणी सांगितलं होतं तुला?"
एवढंच. पुढे आठ महिने माझ्याशी बोलली नाही.

ऑक्टोबरात मी हॉटेलात गेलो, मागच्या टेबलावर बसलो,
सूप मागवलं. नवं गाणं होतं.
सगळ्या जुन्या उड्या जागच्या जागी.
आणि शेवटून दुसऱ्या ओळीत, एकदाच,
ती काळी दोन. इतकी हळू
की पाव तोडणारे तोडत राहिले.
मी चमचा खाली ठेवला.

ते गाणं कुणी ध्वनिमुद्रित केलं नाही. नाही,
मला गुणगुणता येत नाही, मी फक्त जुळवतो.

दुरुस्तीचं बिल मी पाठवलंच नव्हतं.
तिनं पैसे धाडले, सव्वासात डॉलर,
चिल्लर मोजून. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव
सगळंच्या सगळं लिहिलेलं.
ते पाकीट आहे माझ्याकडे.
दाखवणार नाही.